दुखणाऱ्यांनीच दुखणाऱ्यांसाठी घेतलेला सहा आठवड्यांचा वर्ग: माझा अनुभव

ज्यांची कंबर, मान, गुडघे किंवा आणखी काही तीन महिन्यांच्या वर दुखत राहिलंय आणि जे कॅनडात ऑन्टॅरिओत राहतात, त्यांनी ‘क्रॉनिक पेन सेल्फ-मॅनेजमेंट प्रोग्रॅम’, म्हणजे जुनाट दुखणं आपलं आपण आवाक्यात ठेवायला शिकवणारा वर्ग, करावाच, असं माझं मत आहे. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे लिहिते. आधी एवढं सांगते की यात कुणी काही विकत नाही, आम्हाला एक डॉलरही लागला नाही आणि डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा लागली नाही.

मी मिसिसागात घरून डबे करते. पोळी, भाजी, आमटी, भात, शनिवारी थालीपीठ नाहीतर मिसळ. माहेर इचलकरंजी, सासर मिरज. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पाय घसरून पाठीवर आपटले. हाड मोडलं नाही. सहा आठवड्यांत बरं वाटेल असं सांगितलं होतं, पण कंबर धरली ती धरलीच, आणि उजव्या मांडीपासून पोटरीपर्यंत सणक जायला लागली. दोन वाटी कणीक मळून होईपर्यंत कपाळाला घाम. एमआरआय झाला, त्यात मणक्यांमधली एक गादी थोडी बाहेर आलीय असं निघालं. इचलकरंजीहून भावाचा रोज फोन, “ताई, सरळ मिरजेला ये. इथं गल्लोगल्ली डॉक्टर आहेत, ऑपरेशन करून टाकू.” इथे ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, आणि पेन स्पेशालिस्टकडे नाव लावलं. त्या यादीत वर्षभराच्या वर काढलं.

इथे नव्याने आलेल्यांना माहीत नसतं म्हणून लिहिते. ओहिप, म्हणजे ऑन्टॅरिओचा सरकारी आरोग्य विमा, डॉक्टरचे पैसे देते, पण वीस ते चौसष्ट वयाच्या माणसाच्या फिजिओथेरपीचे, काही अपवाद सोडले तर, देत नाही. नोकरदारांना कंपनीचा विमा असतो. घरगुती धंदा करणाऱ्यांना खिशातून द्यावे लागतात. म्हणजे दुखतंय म्हणून काम कमी, काम कमी म्हणून पैसे कमी, आणि पैसे कमी म्हणून उपचार कमी. या पेचात अडकलेल्या मराठी बायका मी आमच्याच इमारतीत पाहिल्यात. कुणी मुलं सांभाळते, कुणी शिवणकाम करते, आणि सगळ्या जणी बाम चोळून गप्प बसतात.

अशात फॅमिली डॉक्टरकडच्या नर्सने या वर्गाचा कागद हातात दिला. दर आठवड्याला एकदा, अडीच तास, असे सहा आठवडे. जागा आमच्या जवळच्या कम्युनिटी हेल्थ सेंटरची.

पहिला धक्का चांगला होता. शिकवायला पांढऱ्या कोटातलं कुणी नव्हतंच. दोन बायका. एक निवृत्त स्कूल बस ड्रायव्हर, एक ऑफिसात हिशेब बघणारी. दोघींना कित्येक वर्षांचं दुखणं. या कार्यक्रमाचा नियमच असा आहे की वर्ग दोघांनी मिळून घ्यायचा आणि त्यातल्या निदान एकाला तरी स्वतः हे भोगायला लागलेलं असलं पाहिजे. त्यांचं रीतसर प्रशिक्षण झालेलं असतं, हातात ठरलेली पुस्तिका असते, पण त्या डॉक्टर नसतात आणि तसा आवही आणत नाहीत. पहिल्या पाच मिनिटांत त्यातली एक म्हणाली, “मी मध्ये उभी राहीन, भिंतीला टेकेन, जमिनीवर आडवीही होईन. तुम्हीही व्हा.” अडीच तास बसायचं कसं, ही चिंता घेऊन आलेल्या माझ्या जिवाला त्या एका वाक्याने केवढं बरं वाटलं!

हे कुणाच्या डोक्यातून आलं ते मी नंतर शोधून वाचलं, कारण मला कोणत्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला केट लोरिग यांनी संधिवाताच्या लोकांसाठी असे वर्ग सुरू केले होते, ज्यात रुग्णच रुग्णांना शिकवतात. त्या धर्तीवर न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका सँड्रा लफोर्ट यांनी १९९०च्या दशकात जुनाट दुखण्यासाठी वेगळा कार्यक्रम बांधला. नुसता बांधून थांबल्या नाहीत. त्यांनी ११० लोक घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एका गटाला लगेच वर्ग आणि दुसऱ्याला तीन महिने थांबवलं, आणि मग दोन्ही गटांची तुलना केली. १९९८ साली ते ‘पेन’ या संशोधन नियतकालिकात छापून आलं. वर्ग केलेल्यांचं दुखणं कमी झालं होतं, अंगात उत्साह वाढला होता, रोजची कामं जास्त जमत होती, आपल्याला हे आवाक्यात ठेवता येतं असा विश्वास वाढला होता. दुखणं नाहीसं झालं असा दावा तेव्हाही कुणी केला नव्हता आणि वर्गातही कुणी करत नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात प्रामाणिक वाटली. आजवर मला तेल विकणाऱ्यांनी, पट्टा विकणाऱ्यांनी, चुंबकाची गादी विकणाऱ्यांनी, सगळ्यांनी मुळापासून बरं करतो म्हणून सांगितलंय.

वर्गातल्या इतर कुणाचं काही इथे लिहिणार नाही. खोलीतलं खोलीत ठेवायचं, असं पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलं. माझं मी सांगते.

सुरुवातीला ते एक चक्र काढून दाखवतात. दुखतं म्हणून स्नायू आवळले जातात, आवळले म्हणून झोप लागत नाही, झोप नाही म्हणून चिडचिड, चिडचिडीतून काळजी, काळजीतून थकवा, आणि थकल्यावर पुन्हा जास्त दुखतं. यातला कुठलाही एक दुवा सैल केला तर बाकीचे थोडे थोडे सैल होतात. मला आजवर सगळ्यांनी फक्त गादीबद्दल सांगितलं होतं. माझ्या झोपेबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

गादीचं पण सांगते, कारण आपल्याकडे ‘गॅप’ आणि ‘शीर दबली’ हे शब्द ऐकले की घरदार हादरतं. नर्सने मला २०१५ सालचा एक आढावा दाखवला. अजिबात पाठ न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन त्यात पाहिले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीच्या लोकांत ९६ टक्के. आणि दुखत तर कुणाचंच नव्हतं! म्हणजे चित्रात दिसतं ते सगळं दुखण्याचं कारण असतंच असं नाही. उलटही खरं. चित्र बरं असलं तरी दुखणं खरं असतं. दुखापत भरून आली तरी मज्जासंस्था सावध झालेली ती सावधच राहते आणि साध्या गोष्टीलाही धोका समजते. इथल्या घरात जिऱ्या-मोहरीची फोडणी टाकली की स्मोक अलार्म केकाटतो ना, आग कुठेच नसते पण आवाज शंभर टक्के खरा असतो, तसं. हे समजल्यावर माझी भीती निम्म्यावर आली. वाकलं की गादी तुटेल, पाय लुळा पडेल, हे मनातलं गेलं.

आता कार्यक्रमाचा गाभा. दर आठवड्याला प्रत्येकाने एक ‘ॲक्शन प्लॅन’ करायचा. ऐकायला ऑफिसातलं वाटतं, पण करून बघा. आपल्याला स्वतःला हवी असलेली गोष्ट घ्यायची, डॉक्टरला किंवा नवऱ्याला हवी असलेली नाही. काय करणार, किती, कधी, आठवड्यातून किती दिवस, हे ठरवायचं. मग शून्य ते दहामध्ये सांगायचं की हे होईलच याची किती खात्री आहे. सातच्या खाली आकडा आला तर प्लॅन बदलायचा. माणसाला दामटायचं नाही, प्लॅनच लहान करायचा. पुढच्या आठवड्यात आल्यावर सगळ्यांसमोर सांगायचं, झालं की नाही. नाही झालं तर कुणी तोंड वाकडं करत नाही. अडचण काय आली ते विचारतात आणि सगळे मिळून उपाय सुचवतात. दोघी लीडरही स्वतःचा प्लॅन सांगायच्या, आणि त्यांचाही कधीकधी फसलेला असायचा.

माझी गोष्ट पोळ्यांची होती. डब्याचा धंदा पोळीवर चालतो. भाजी एकदा कुकरला लावली की उभं राहावं लागत नाही, पोळीला मात्र ओट्याशी खांब होऊन राहावं लागतं. माझी पद्धत अशी की बरं वाटतंय ना, मग सगळ्या पोळ्या एका दमात उरकायच्या, आणि दुपारनंतर पलंग. दिवाळीला तर चकल्या, करंज्या, शेव, सगळ्या ऑर्डरी अंगावर घ्यायच्या आणि पाडव्याला उठता यायचं नाही. वर्गात याला तोड म्हणून एकच शिकवलं, की थांबायचं ते घड्याळ बघून, दुखायला लागल्यावर नाही. मी प्लॅन केला: सोमवार, मंगळवार, गुरुवार, पंचवीस मिनिटं लाटायचं, मग दहा मिनिटं घरात चालायचं, मग पुन्हा पंचवीस. खात्री किती? मी म्हटलं सहा. लीडरने विचारलं, “सातावर यायला काय लागेल?”

मी म्हटलं, पीठ वाळतं. मध्ये थांबले की कणीक वरून कोरडी पडते, पोळी चिवट होते, आणि गिऱ्हाइकाला बरोबर कळतं. खोलीतल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात पोळी लाटलेली नव्हती, पण सगळे विचारात पडले. कुणी म्हणालं ओला कपडा, तो तर मी घालतच होते. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाले (त्यांना विचारूनच लिहितेय) की मी बेकरीत होतो, आम्ही पीठ एकदम मळतच नसू, दोन घाण्यांत मळायचो. एवढं साधं. अर्धी कणीक आधी मळायची, तिच्या पोळ्या झाल्या की चालून यायचं, मग उरलेली मळायची. मळायला बसून परात मांडीसमोर घेता येते, त्यामुळे उभं राहणंही तुटतं. त्यांनीच सुचवलं की उभं राहाल तेव्हा एक पाय बुटक्या स्टुलावर ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने पाय बदला. स्टूल कशाला, घरी लग्नातला सागवानी पाट होता, तो ओट्याखाली सरकवला. आता एक पाय पाटावर, एक फरशीवर, आणि मोबाइलवर टायमर. कंबरेचा बाक मोडतो, हे पहिल्याच दिवशी जाणवलं.

दुसरा प्लॅन धंद्याचा होता. बुधवारी पोळी बंद, त्या दिवशी मसालेभात नाहीतर खिचडी-कढी. गिऱ्हाइकांना मेसेज टाकायला मला फार जड गेलं. वर्गात एक आख्खा भाग यावरच असतो, आपली अडचण समोरच्याला रडगाणं न करता आणि भांडण न करता कशी सांगावी. तिथे शेजारच्या माणसाबरोबर तालीम करून मी चार ओळी लिहिल्या. एकाही गिऱ्हाइकाने डबा बंद केला नाही. उलट बुधवारच्या मसालेभाताला जास्त मागणी आली.

डॉक्टरशी बोलायचं कसं, याचाही धडा आहे, आणि आपल्या लोकांना त्याची फार गरज आहे. आपण डॉक्टरसमोर बसलो की आधी हवापाण्याचं बोलतो, मग सर्दी सांगतो, आणि उठता उठता, दाराच्या कडीला हात घालून, खरं दुखणं सांगतो. इथे फॅमिली डॉक्टरकडे दहा-पंधरा मिनिटं मिळतात. वर्गात सांगतात की घरून लिहून न्या, सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या वाक्यात सांगा, समजलं नाही तर विचारा, डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्याचसमोर आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा, आणि जमणार नसेल तर तिथेच सांगा की हे मला जमणार नाही. मी कागद घेऊन गेले. ‘दहापैकी सात दुखतं’ हे सांगण्याऐवजी म्हटलं, “वीस मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही आणि रात्री तीनदा जाग येते.” डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. त्या दिवशी पहिल्यांदा झोपेवर बोलणं झालं, आणि औषधाची वेळ बदलली. गोळ्या सोडा असं वर्गात कुणी सांगत नाही, उलट डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका असं पुन्हा पुन्हा बजावतात.

हळू हालचालींचा व्यायाम आहे, श्वासाचा आहे. आपल्याला योगासनांची ओळख असल्याने त्यात मला नवं फार नव्हतं. खाण्यापिण्याचा भाग मी चहा पीत ऐकला.

आता उणं काय ते. पुस्तिकेत जसं लिहिलंय तसंच घ्यायचं, हा नियम लीडर्सना पाळावा लागतो. कारण समजतं. जे तपासून सिद्ध झालंय तेच प्रत्येक गावात मिळावं. पण त्यामुळे कधी कधी तक्ते वाचून दाखवल्यासारखं होतं, आणि एखादी चर्चा रंगात आली की घड्याळ बघून तोडावी लागते. आमच्या सेंटरच्या घडीच्या लोखंडी खुर्च्यांचं तर काय सांगू! दुखण्याच्या वर्गाला कुणी असल्या खुर्च्या ठेवतं का? तिसऱ्या आठवड्यापासून सगळे घरून उशा आणायला लागले.

पण अर्धा तारा मी खुर्चीसाठी कापला नाही, भाषेसाठी कापला. माझ्या सासूबाई आमच्याकडे असतात. दोन्ही गुडघे गेलेले. मिरजेत आख्खी पेठ पायी फिरलेली बाई इथे अकराव्या मजल्यावर बसून खिडकीतून गाड्या मोजते. दुखण्याने जेवढी खचली नाही तेवढी एकटेपणाने खचली. तिला या वर्गाची गरज माझ्याहून जास्त होती, आणि इंग्रजीतला अडीच तासांचा वर्ग तिच्या काय कामाचा? मग मी घरी आल्यावर त्यांना मराठीत सांगायला लागले. ते चक्र कागदावर काढलं. “अगं, ह्ये तर माझंच चाललंय की,” म्हणाल्या. त्यांचा प्लॅन त्यांनीच ठरवला: सकाळी पूजा झाली की आमच्या मजल्यावरच्या लांब पॅसेजमध्ये लिफ्टपासून जिन्यापर्यंत जायचं आणि रामरक्षा म्हणत परत यायचं, आठवड्यातले चार दिवस. मी विचारलं, आई, खात्री किती, शून्य ते दहात? “धा. मी बोलले म्हंजे करणारच.” आणि केलं. पॅसेजमध्ये एक गुजराती आजी भेटल्या, आता दोघी मिळून चालतात. गुडघे दुखतात अजूनही. पण संध्याकाळी फोनवर मिरजेला सांगायला त्यांच्याकडे काहीतरी असतं.

या सगळ्यात मला एक गोष्ट लख्ख दिसली, आणि त्यासाठीच एवढं लांबलचक लिहायला बसले. दुखण्याचं ज्ञान तीन ठिकाणी विखुरलेलं असतं. संशोधकाकडे शंभर-दोनशे लोकांचा हिशेब असतो, डॉक्टरकडे शरीराची माहिती असते, आणि पोळी वाळते हे फक्त मला माहीत असतं. तिघं वेगवेगळ्या खोल्यांत बसले तर मला पट्टा आणि गोळ्या मिळतात. एका खोलीत बसले तर ओट्याखाली पाट येतो.

कॅनडात या तिघांना एका खोलीत बसवायचं काम बरीच वर्षं चाललंय. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली दुखण्याची जी प्रश्नावली केली, ती रुग्ण आपलं दुखणं ज्या शब्दांत सांगतात त्या शब्दांवर उभी आहे: ठणकतं का, जळतं का, चमक मारते का. २०१० साली त्याच मॉन्ट्रिअलमध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी जाहीर केलं की दुखण्यावर उपचार मिळणं हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. २०१६ पासून हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातून ‘क्रॉनिक पेन नेटवर्क’ चालू झालं, आणि त्यात रुग्णांना नुसते फॉर्म भरायला न बोलावता कारभाराच्या समित्यांवर घेतलं. २०१८ मध्ये एक काम प्रसिद्ध झालं, त्यात दुखण्यावर कोणतं संशोधन आधी व्हावं याची यादी रुग्ण, त्यांची काळजी घेणारे घरचे आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवली होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘कॅनेडियन पेन टास्क फोर्स’ नेमला. त्यातही स्वतः दुखणं भोगणारे सदस्य होते. त्यांच्या अहवालात आकडा आहे की या देशात सुमारे ७६ लाख लोक, म्हणजे पंधरा वर्षं आणि वरच्यांत साधारण चारातला एक, जुनाट दुखण्यासह जगतायत. २०२१ मध्ये त्यांनी कृती आराखडा दिला. त्यातलं सगळं अंमलात आलंय असं मुळीच नाही, यादीत थांबलेल्या कुणालाही विचारा.

जगातल्या दुखण्याच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये दुखण्याची नवी व्याख्या केली, तिच्याखाली एक टीप आहे की माणूस दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. आणि जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात तीन महिन्यांच्या वरच्या दुखण्याला स्वतःचं घर मिळालं. तोवर ते दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचं शेपूट होतं. या गोष्टी कागदावरच्या वाटतील, पण “एमआरआय तर ठीक आहे, मग तुम्हाला एवढं का दुखतं?” हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना त्यांची किंमत कळेल.

वर्गाला जाणं शक्यच नसेल, गाडी नाही, लहान मूल आहे, तर ‘पॉवर ओव्हर पेन’ नावाचं ऑनलाइन पोर्टल आहे. तेही फुकट, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये, आणि तेही दुखणं भोगणारे, उपचार करणारे आणि संशोधक यांनी मिळून केलेलं. लेख, व्हिडिओ, कोर्स, एकमेकांना आधार देणारे गट, असं बरंच काही आहे. मी ते वर्ग संपल्यावर वापरायला लागले आणि मला उपयोग झाला. पण निवड करायचीच तर मी वर्ग निवडेन. बेकरीवाले गृहस्थ पोर्टलवर भेटले नसते.

हा वर्ग कुणासाठी नाही तेही सांगायला हवं. दुखणं नवीन असेल, कारण शोधायचं राहिलं असेल, तर आधी डॉक्टर. आणि कंबरदुखीबरोबर पायातली ताकद अचानक गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, ताप येतोय, वजन विनाकारण उतरतंय, असं काहीही असेल तर कसल्या वर्गाची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

नाव नोंदवायला आपल्या भागातल्या कम्युनिटी हेल्थ सेंटरला फोन करा किंवा २११ हा सामाजिक सेवांची माहिती देणारा फोन नंबर लावून ‘क्रॉनिक पेन सेल्फ-मॅनेजमेंट’ कुठे आहे ते विचारा. बसायला उशी न्या, वही न्या, आणि शक्य असेल तर घरातल्या एका माणसाला बरोबर न्या. घरच्यांनाही बसू देतात. माझे यजमान दोन वेळा आले, आणि तेव्हापासून जड कुकर मला न सांगता उतरवतात.

शेवटचं, कामाचं. मी लीडरच्या प्रशिक्षणाला नाव दिलंय. मराठीतून असा वर्ग उभा करायचा तर मला जोडीला आणखी एक माणूस लागेल, कारण एकट्याने घ्यायचा नसतो. शिक्षणाची अट नाही, इंग्रजी पुस्तिका वाचता आली पाहिजे आणि सलग काही दिवस प्रशिक्षणाला देता आले पाहिजेत. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ओकव्हिल या पट्ट्यातलं, स्वतः जुनाट दुखणं असलेलं किंवा घरात कुणाचं ते सांभाळणारं कुणी तयार असेल तर खाली लिहा. बाईमाणूस असो की पुरुष, चालेल. सासूबाईंनी त्यांच्या त्या गुजराती आजींसकट पहिल्या बॅचमध्ये नाव आत्ताच लावून ठेवलंय.